ठासणीच्या रायफलचं जाम झालेलं बूच काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

पेन्सिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला जाणारे मराठी लोक मूठभरच असतील. माझ्या ओळखीतल्यांनी सुरुवात ठासणीच्या रायफलीनेच केली, आणि त्याचं कारण कायद्यात आहे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार १८९८ पर्यंत बनलेल्या जुन्या बंदुका, आणि काडतूस न घेणाऱ्या, फक्त काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायावर चालणाऱ्या ठासणीच्या बहुतेक बंदुका संघराज्याच्या व्याख्येत 'फायरआर्म' धरल्या जात नाहीत. दुकानदाराचा फॉर्म नाही, पार्श्वभूमीची चौकशी नाही. (हे राज्यागणिक बदलतं. शेजारच्या न्यू जर्सीत असंच असेल असं समजून चालू नका.)

याच सवलतीची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. जो माणूस फक्त अशाच बंदुका दुरुस्त करतो त्यालाही संघराज्याचा परवाना लागत नाही. गॅरेजमध्ये शेगडा (वस्तू आवळून धरायचा व्हाइस) आणि ड्रिल मशीन असलेला कोणीही स्वतःला गनस्मिथ म्हणवू शकतो. मला लुबाडणारा माणूस याच फटीत दुकान थाटून बसलेला होता.

ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी पुढच्या तोंडातून भरतात. नळीचं मागचं तोंड आट्यांच्या एका बुचाने बंद केलेलं असतं, तोच ब्रीच प्लग. बार उडतो तेव्हा गोळीला पुढे ढकलणारा सगळा दाब तितक्याच जोराने या बुचालाही मागे ढकलतो, आणि बुचाच्या मागे वीतभरावर आपलं तोंड असतं. बाजूला घोडा असलेल्या जुन्या पद्धतीच्या रायफलींमध्ये हे बूच कारखान्यात एकदा बसवलं की सहसा काढायचं नसतं. १९८५ च्या नाइट एमके-८५ पासून ज्या 'इनलाइन' रायफली (बार पेटवणारा भाग बाजूला नाही, नळीच्या सरळ रेषेत मागे) लोकप्रिय झाल्या त्यांत मात्र ते साफसफाईसाठी काढता येतं. काढता येतं म्हणजे काढायलाच हवं. काळी दारू जळाल्यावर निम्म्याहून जास्त भाग घन राख म्हणून मागे उरतो आणि ती राख हवेतलं पाणी ओढते. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूत पर्क्लोरेट असतं, त्यामुळे मागे क्षार उरतो आणि लोखंडाला मिठासारखाच खातो. एक मोसम बूच न काढता बंदूक कपाटात ठेवली की आटे गंजून एकजीव होतात. आमच्या सिंधुदुर्गातल्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरांवर बार काढला की आजोबा जेवायच्या आधी नळीत उकळतं पाणी ओतायचे. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की पहिल्यांदा तेच. तेव्हा तो त्यांचा हट्ट वाटायचा.

माझी इनलाइन रायफल जुनी, पन्नास कॅलिबरची. विकणाऱ्याने बूच जाम आहे हे स्वतःहून सांगितलं होतं आणि किंमतही त्या मानाने कमी घेतली होती. त्याच्याबद्दल काहीच तक्रार नाही. घरी आणल्यावर आधी ती भरलेली नाही ना ते पाहिलं. गज नळीत टाकायचा, तोंडाशी खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. गजाचं टोक बुचाच्या बरंच अलीकडे थांबत असेल तर आत बार आहे. हा सोपस्कार नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या १८६३ च्या लढाईनंतर मैदानातून हजारो बंदुका भरलेल्या अवस्थेत गोळा झाल्या होत्या, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनीही पेट घेते.

माझी रिकामी होती. बूच काही हललं नाही, तेव्हा शोधत शोधत या माणसापर्यंत पोचलो.

फोनवर त्याने बंदुकीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. "सहज निघेल, साठ डॉलर." नळी भरलेली आहे का, आधी कोणी पाना मारून बुचाचे कोपरे झिजवलेत का, किती वर्षं जाम आहे, काही नाही. आता विचार करतो तेव्हा ही पहिली खूण वाटते. खरा कारागीर आधी तेच विचारतो. बंदूक त्याच्या ताब्यात गेल्यावर आकडा वाढायला लागला. पाना बसत नाही, खास हत्यार बनवावं लागेल, चाळीस आणखी. मग हत्यार आत मोडलं, ते ड्रिलने काढावं लागलं, त्याचे वेगळे. मग जुनं बूच गेलं, कंपनीचं अस्सल बूच मागवलंय, त्याचे पंच्याहत्तर. दर वेळी पैसे फोनच्या ॲपवरून, तेही मित्राला पाठवतो त्या पर्यायाने, "म्हणजे फी कापली जात नाही." तशा व्यवहारात खरेदीदाराला संरक्षण नसतं हे त्याला नीट माहीत होतं. मध्येच नको म्हटलं तर अर्धवट पोखरलेली नळी परत मिळणार, आणि ती घेऊन दुसऱ्या कोणाकडे जाणार? ही पकड फार जुनी आहे. आपल्याकडे मोटारसायकलचं इंजिन खोलून ठेवणारे मेकॅनिक हेच करतात. मधून मधून फोटो यायचे: शेगड्यात धरलेली नळी, शेजारी निघालेलं बूच, चकचकीत आटे. एकाही फोटोत नळीवरचा नंबर दिसत नव्हता.

रायफल परत आली तेव्हा बूच लोण्यासारखं फिरत होतं. पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली होती. टेप असणं यात वावगं काही नाही. राख आट्यांत शिरू नये म्हणून पुष्कळ शिकारी एक पदर गुंडाळतात. मी बार काढायच्या आधी सवयीप्रमाणे बूच काढून टेप सोडवली तर ती सुटतच राहिली, पदरावर पदर. टेपशिवाय बूच परत बसवलं आणि बोटाने हलवलं. ते डुगडुगलं.

काळ्या दारूच्या क्लबात एक म्हातारे गनस्मिथ येतात, त्यांच्याकडे नळी नेली. त्यांनी कॅलिपर लावला, आत बारीक कॅमेरा घातला आणि कंपनीचं खरं बूच आणून बसवून पाहिलं. तेही हललं. म्हणजे दोष नळीत होता. जुनं बूच ड्रिलने पोखरताना छिद्र वाकडं गेलं होतं आणि नळीतल्या आट्यांचे माथे एका बाजूने सपाट झाले होते. शेवटचे दोनतीन आटेच काय ते धरत होते, उरलेली जागा टेपने भरून काढली होती. पंच्याहत्तर डॉलरचं 'अस्सल' बूच म्हणजे लेथवर कापलेला साधा बोल्ट होता. बार उडाला असता तर बूच धरलं असतं की मागे आलं असतं हे सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. पण त्यांनी ती रायफल क्लबच्या रेंजवर आणायला बंदी घातली.

जाम बूच काढायची योग्य पद्धत त्यांच्याकडून समजली ती सांगतो, म्हणजे कोणी वेगळं काही सांगू लागला तर ओळखता येईल. बंदूक रिकामी असल्याची खात्री होईपर्यंत उष्णता अजिबात नाही. मग गंजात शिरणारं तेल, आणि घाई नाही. कित्येक दिवस भिजत ठेवायचं. नळी पितळेच्या किंवा शिशाच्या अस्तराच्या शेगड्यात, बुचाच्या अगदी जवळ आवळायची, नाहीतर पिळाचा जोर भलतीकडे जातो. पाना त्याच बुचासाठी बनवलेला, सगळे पैलू पकडणारा. त्यानेही हललं नाही तर नळीला बाहेरून बेताची ऊब द्यायची, पुन्हा तेल, पुन्हा प्रयत्न. ड्रिल हा अगदी शेवटचा उपाय, तोही लेथवर नळी मध्याला धरून, हातातल्या मशीनने कधीच नाही. आणि तरीही आटे बिघडले तर प्रामाणिक माणूस सांगतो की नळी गेली. मोठे आटे पाडून जाडं बूच बसवता येतं, पण त्यात भिंत पातळ होते, आणि ती किती पातळ चालेल हे मोजल्याशिवाय कोणी बोलू नये.

म्हणून बंदूक कोणाच्या हाती देण्याआधी नळीवरचा नंबर दिसेल असा फोटो स्वतः काढा, कामाची कमाल रक्कम लिहून घ्या, आणि ड्रिल लावण्याआधी लेखी विचारायचं असं ठरवून घ्या. जुनं बूच तुकड्यांतही परत मागा. परत घेताना बूच टेपशिवाय, ग्रीसशिवाय, कोरडं बसवून दाखवायला सांगा. इथे खळखळ झाली तर पैसे देऊ नका.

मी त्याला सगळी मापं पाठवली. उत्तर आलं: "जुनी बंदूक आहे, अशा कामाची हमी नसते." हमी मी मागितलीच नव्हती, मागितले होते ते न बसवलेल्या बुचाचे पैसे. पेन्सिल्व्हेनियात १२,००० डॉलरपर्यंतचा दिवाणी दावा वकील न लावता मॅजिस्टेरिअल डिस्ट्रिक्ट जजपुढे नेता येतो, तसा मी नेला आहे. नळी, तो बोल्ट, टेपचा गुंडाळा आणि म्हाताऱ्यांनी सहीनिशी लिहून दिलेली मापं एका पिशवीत ठेवली आहेत. निकाल लागेपर्यंत त्याचं नाव लिहीत नाही. त्याची जाहिरात चालू आहे, आणि तिच्यात त्याने कामाचा नमुना म्हणून लावलेला फोटो मला माझ्या नळीचा म्हणून पाठवलेलाच आहे. जाहिरात मी रायफल त्याच्याकडे देण्याच्या कितीतरी आधीची आहे.