बाबिन्स्की हातोडी, तीन वर्षांच्या वापरानंतर

गेली तीन वर्षे वॉर्डात रोज हाताळत असलेल्या बाबिन्स्की रिफ्लेक्स हातोडीविषयी (ठोका दिल्यावर शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया, म्हणजे रिफ्लेक्स, तपासण्याच्या हातोडीविषयी) लिहायचे, तर जिला हे नाव मिळाले त्या फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांच्याविषयीही लिहिणे भाग आहे, कारण ही हातोडी कोणत्या कामाला उत्तम आणि कोणत्या कामाला बेताची, हे त्यांच्या कामाकडे पाहिल्यावरच मला नीट उमगले.

आधी वस्तू पाहू. दांडा स्टीलचा असून टोकाकडे निमुळता होत जातो आणि डोके म्हणजे एक गोल तबकडी, जिच्या कडेने जाड रबराचे कडे बसवलेले आहे. स्क्रू फिरवून ही तबकडी दांड्याला काटकोनात किंवा समांतर, हवी तशी बसवता येते. वैद्यकीय विद्यार्थ्याच्या हाती बहुधा पहिल्यांदा येते ती टेलरची त्रिकोणी हातोडी, जी 1888 पासून प्रचारात आहे. ती खिशात सहज मावते, पण वजनाला इतकी हलकी असते की जोर मनगटातून लावावा लागतो, आणि मग डाव्या गुडघ्यावरचा ठोका व उजव्या गुडघ्यावरचा ठोका यांत फरक पडतो. दोन बाजूंची तुलना हाच ज्या तपासणीचा गाभा आहे, तिच्यात हा दोष क्षुल्लक म्हणता येणार नाही. बाबिन्स्की हातोडीचे वजन डोक्यात असल्याने दांडा सैल धरून ती नुसती पडू द्यायची असते, त्यामुळे ठोक्यामागे ठोका सारखाच बसतो. स्थूल रुग्णांचे किंवा वृद्धांचे मंद जर्कही (ठोक्याने स्नायूला बसणारे झटके) मला तिने अधिक खात्रीने मिळू लागले.

बाबिन्स्की यांचे सारे आयुष्य अशाच खात्रीच्या शोधात गेले. रशियन सत्तेपासून दूर पॅरिसमध्ये आश्रयाला आलेल्या पोलिश कुटुंबात 1857 साली त्यांचा जन्म झाला आणि तरुणपणी ते साल्पेत्रिएर रुग्णालयात नामवंत मेंदूविकारतज्ज्ञ झां-मार्तें शार्को यांचे सहायक झाले. आंद्रे ब्रुइये यांनी 1887 मध्ये रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रात शार्को हिस्टेरियाच्या रुग्णाचे प्रात्यक्षिक देत आहेत आणि मागे कलंडलेल्या त्या स्त्रीला हाताने सावरून उभे आहेत ते बाबिन्स्की. सूचनेने अंग लुळे पडते आणि सूचनेनेच पूर्ववत होते, हे त्यांनी तिथे इतक्या जवळून पाहिले की रुग्णाला इच्छेने घडवता येणार नाही अशी लक्षणे कोणती, हा प्रश्न त्यांना पुढे कधी सोडून गेला नाही. 1892 च्या अध्यापकपदाच्या स्पर्धा परीक्षेत त्यांना डावलण्यात आले. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष शार्ल बुशार हे शार्कोंचे जुने शिष्य आणि पुढे प्रतिस्पर्धी झालेले होते. बाबिन्स्की प्राध्यापक कधीच झाले नाहीत. मात्र 1895 पासून पंचवीसहून अधिक वर्षे पिटिए रुग्णालयातील विभाग त्यांच्याकडे राहिला, आणि फ्रान्समधील न्यूरोसर्जरीचा पाया घालणारे क्लोविस व्हिन्सेंट आणि तिएरी द मार्तेल हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. पद नाकारले गेलेल्या माणसाने केवळ खाटेजवळच्या निरीक्षणावर एवढे उभे केले, याचे मला फार अप्रूप वाटते.

पायाच्या अंगठ्याचे, त्यांच्या नावाने ओळखले जाणारे लक्षण जगापुढे आले ते 22 फेब्रुवारी 1896 रोजी, अवघ्या 28 ओळींच्या टिपणातून. तळव्याच्या बाहेरच्या कडेने टाचेपासून करंगळीकडे आणि तिथून चवड्यावरून अंगठ्याच्या दिशेने रेघ ओढली असता प्रौढ व्यक्तीचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणाऱ्या पिरॅमिडल मार्गाला इजा झालेली असल्यास तो वर उचलला जातो. हा मार्ग पूर्ण विकसित न झालेल्या तान्ह्या बाळातही तो वरच जातो, आणि तिथे त्यात काही वावगे नसते. माझ्या एका रुग्णाची तक्रार पाय जड पडतात एवढीच होती आणि चालही जवळजवळ ठीक होती. पण तळव्यावर रेघ ओढताच अंगठा झटक्याने नव्हे, तर सावकाश, ठरल्यासारखा वर गेला आणि शेजारची बोटे पसरली. एमआरआयमध्ये छातीच्या पातळीवर मज्जारज्जू दाबला गेलेला दिसला.

नेमक्या याच परीक्षेसाठी मात्र मी या हातोडीची शिफारस करणार नाही. माझ्या हातोडीच्या दांड्याचे टोक गरजेपेक्षा अणकुचीदार आहे, आणि ते टोचले की रुग्ण पूर्ण पायच मागे ओढून घेतो. मग अंगठा वर गेला तो आजारामुळे की वेदनेमुळे, हे सांगणे कठीण होऊन बसते. नवशिक्यांच्या हातून खोटे ‘अपगोइंग प्लान्टर’ (म्हणजे अंगठा वर गेल्याची नोंद) लिहिले जातात ते बरेचदा असेच, त्यामुळे तळव्यासाठी मी बोथट किल्ली किंवा लाकडी काडी वापरते. दुसरा दोष स्क्रूचा: तो महिन्याभरात ढिला होतो आणि एकदा तपासणी चालू असतानाच तबकडी निखळून रुग्णाच्या नडगीवर पडली. विक्रेत्याने बदलून देण्याचे कबूल केले, पण बदली हातोडी आजतागायत आलेली नाही. रबराचे कडे मात्र तीन वर्षांनंतरही ना तडकले ना कडक झाले.

ज्या कामासाठी ती अवश्य घ्यावी ते काम घोट्याच्या जर्कचे. सायटिकामध्ये (कमरेपासून पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्यात) हा जर्क नाहीसा होऊ शकतो, हे दाखवून देणाऱ्यांतही बाबिन्स्की होते, आणि रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून, पावले कडेबाहेर मोकळी ठेवून तो तपासण्याची त्यांची पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे. अशा वेळी तबकडी काटकोनात बसवायची, रुग्णाला खुर्चीची पाठ धरायला सांगायचे आणि टाचेमागच्या कंडरेवर (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीवर) हातोडी फक्त पडू द्यायची. उजवे पाऊल हलते आणि डावे स्तब्ध राहते, तेव्हा तो फरक खोलीच्या दारात उभ्या असलेल्या नातेवाइकालाही दिसतो.