पॉलिइमाइड की सिलिकॉन रबर? लहान वैद्यकीय उपकरणांसाठी लवचिक हीटरची निवड

नमुन्यातील जनुकीय द्रव्य एकाच तापमानावर वाढवणाऱ्या लॅम्प चाचणीला साधारण 60 ते 65 अंश सेल्सियस तापमान अर्धा ते एक तास स्थिर लागते. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या उपकरणात नळ्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा तापवण्यासाठी पातळ हीटर चिकटवायचे ठरले, की मुख्यतः दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे पॉलिइमाइड या उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांत धातूची कोरीव फॉइल बसवलेला हीटर, आणि दुसरा सिलिकॉन रबराच्या थरांत फॉइल किंवा तार घातलेला. दोन्ही सुमारे 200 अंशांपर्यंत टिकणारे मिळतात, त्यामुळे माहितीपत्रकात ठळक छापलेल्या कमाल तापमानावरून इथे काहीच ठरत नाही.

खरा फरक जाडीचा आहे. पाच सेंटिमीटर चौरसाचा पॉलिइमाइड हीटर सुमारे 0.2 मिलिमीटर जाड असतो आणि तो स्वतः एक अंशाने तापायला पाऊण जूलच्या आसपास उष्णता घेतो. त्याच मापाचा 1.4 मिलिमीटर जाडीचा सिलिकॉन हीटर साडेपाच जूलच्या आसपास घेतो. ठोकळा 50 ग्रॅमचा असेल तर त्याला अंशामागे 45 जूल लागतात, म्हणजे सिलिकॉनच्या बाबतीत ठोकळ्याच्या जवळजवळ आठव्या हिश्शाएवढी उष्णता हीटरमध्येच साठून राहते आणि वीज तोडल्यावरही ती ठोकळ्यात उतरत राहते. कंट्रोलरची पीआयडी मूल्ये, म्हणजे तापमानातील फरक पाहून वीज किती द्यायची हे ठरवणारे आकडे, नीट बसवून हा उशीर बराच सावरता येतो हे खरे, पण ठोकळा जितका लहान तितके ते अवघड होत जाते. शिवाय ठोकळ्याच्या कडा मध्यभागापेक्षा लवकर थंड होतात, आणि कोरीव फॉइलमध्ये कडेला जास्त वॉट देणारी नक्षी आखता येत असल्याने कडेची नळी मागे पडत नाही. सिलिकॉनमध्येही कोरीव फॉइल मिळते. तारेच्या हीटरमध्ये मात्र इतकी बारीक वाटणी साधत नाही.

सिलिकॉन कमी प्रतीचा आहे, असा याचा अर्थ नाही. पॉलिइमाइड पाण्यात राहिल्यास वजनाच्या 3 टक्क्यांच्या आसपास पाणी शोषतो आणि गरम वाफेत दीर्घकाळात त्याची ताकद कमी होते. त्यामुळे श्वसनोपकरणातील पाण्याचे भांडे, वारंवार पुसला जाणारा भाग किंवा आदळआपट सोसणारे फिरते उपकरण असेल, तर मी सिलिकॉनच निवडेन. मात्र जवळपास प्रकाशमापक असल्यास सावध राहावे, कारण पूर्ण न भाजलेल्या सिलिकॉनमधून तापल्यावर बाहेर पडणारी द्रव्ये भिंगावर थर धरतात.

हीटर कोणताही घेतला तरी तो चिकटवताना खाली हवेचा फुगा राहिला, तर त्या जागी फॉइलची उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही आणि हीटर तिथूनच जळतो. पॉलिइमाइडला हा दोष अधिक भोवतो, कारण उष्णता आजूबाजूला पसरवण्याइतकी जाडीच त्याच्यात नसते.

‘अचूकता ±0.1 अंश’ असे हीटरच्या जाहिरातीत लिहिलेले दिसले, तर ते फारसे मनावर घेऊ नये. हीटर फक्त उष्णता देतो; तापमान मोजतो तो सेन्सर. ए वर्गाच्या प्लॅटिनम सेन्सरची स्वतःची मान्य चूक 37 अंशांवर सुमारे ±0.22 अंश असते, म्हणून ±0.1 हवे असेल तर प्रत्येक उपकरणाचे अंशांकन, म्हणजे अचूक तापमापकाशी जुळवणी, करावेच लागते. सेन्सर हीटरच्या पाठीवर न लावता ठोकळ्यात, नळ्यांच्या जवळ खोचावा.

पॉलिएस्टरवर कार्बनची शाई छापलेला, तापताच आपोआप वीज कमी घेणारा पीटीसी हीटर सुरक्षित वाटतो, पण त्याचे स्थिर तापमान आसपासच्या हवेबरोबर सरकते आणि 65 अंश ही बहुधा त्याच्या मर्यादेजवळची जागा असते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी 37 अंशांवर ठेवायच्या असतील, तर मात्र इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक हीटर सोयीचा ठरतो.

विजेचा हिशेब सोपा आहे. वरचा ठोकळा 30 वरून 65 अंशांवर न्यायला सुमारे 1575 जूल लागतात. दोन मिनिटांत हे साधायचे तर 13 वॉट, आणि उष्णतेची गळती धरून 20 वॉटचा हीटर घ्यावा. 12 व्होल्टवर त्याचा रोध सुमारे 7 ओहम येतो. कंट्रोलर अडकून हीटर चालूच राहिला तर वीज तोडणारा वेगळा थर्मल फ्यूज ठोकळ्यावर हवाच, आणि जे उपकरण रुग्णाच्या त्वचेला दीर्घकाळ लागून राहते त्यात तर 43 अंशांच्या वरची चूक भाजण्यापर्यंत जाऊ शकते.

एक गोष्ट मात्र दोन्ही हीटरना जमत नाही. मे महिन्यात नागपुरात दुपारी 45 अंश असताना 37 अंशांचे उपकरण चालवायचे असेल, तर तिथे हीटर निरुपयोगी ठरतो आणि थंडही करू शकणारा पेल्टियर घटक घ्यावा लागतो. 65 अंशांच्या लॅम्प उपकरणाला ही अडचण येत नाही.