जीटीओ सांगून लेमान्स विकली: क्लासिक कन्व्हर्टिबल घेणाऱ्यांसाठी

डेट्रॉइट भागातल्या आपल्या मराठी मंडळींपैकी अनेकजण गाड्यांच्या धंद्यातच नोकरी करतात. ऑगस्टात वुडवर्ड अॅव्हेन्यूवरची ड्रीम क्रूझ बघून आलं की एखादी जुनी मसल कार आपल्याही दारात असावी असं वाटायला लागतं. अशांसाठी हे लिहितोय. शेजारच्या राज्यातल्या एका डीलरने मला १९६५ची पॉन्टियाक जीटीओ कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छताची) म्हणून ७८ हजार डॉलरला जी गाडी विकली, ती जीटीओ नव्हतीच.

१९६४ आणि १९६५ साली जीटीओ हे वेगळं मॉडेल नव्हतं. पॉन्टियाकचीच लेमान्स घेताना जास्तीचे पैसे भरून ते पॅकेज मिळायचं. त्यामुळे १९६५ची खरी जीटीओ असो की साधी लेमान्स, दोन्हींचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, २३७नेच सुरू होतो. १९६६ला जीटीओला २४२ हा स्वतःचा क्रमांक मिळाला, म्हणून तिथून पुढच्या गाडीत लबाडी करणं अवघड. १९६५च्या गाडीचा नंबर मात्र कितीही निरखलात तरी काही बोलत नाही. लेमान्सला जीटीओचं बॉनेट, जाळी आणि बिल्ले लावायचे, ३८९ घनइंची इंजिन टाकायचं, वर तीन कार्ब्युरेटर बसवायचे. यातलं बहुतेक सामान आजही नवं कोरं मिळतं. याला क्लोन म्हणतात, आणि क्लोन म्हणून सांगून विकली तर त्यात गैर काहीच नाही.

डीलरने गाडी दाखवायच्या आधी एक फाइल हातात दिली. त्यात लिलावाचे निकाल छापून लावलेले होते. १९७१ची प्लिमथची हेमी कुडा कन्व्हर्टिबल २०१४ साली सिअॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली, ती बातमी सगळ्यात वर. खाली १९६९च्या जीटीओ जज (जीटीओचीच खास आवृत्ती) कन्व्हर्टिबलचे भाव. हे आकडे खरे आहेत, पण त्यांचा या गाडीशी काडीचा संबंध नाही. तसल्या हेमी कुडा जेमतेम डझनभर बनल्या, १९६९च्या जज कन्व्हर्टिबल १०८. त्या भावात दुर्मीळपणाची किंमत आहे आणि प्रत्येक गाडीमागे असलेल्या कागदांची. त्यांच्या शेजारी ठेवली की ७८ हजारांची गाडी स्वस्त वाटावी, एवढ्याचसाठी ती पानं लावलेली होती.

फाइलमधला खरा सापळा पुढच्या पानावर होता. हीच गाडी आदल्या वर्षी एका लिलावात उभी होती आणि तिच्यावर ८५ हजारांची बोली लागली होती, असा निकाल. त्याखाली बारीक अक्षरात ‘विकली गेली नाही’. आता हे नीट समजून घ्या. मालकाने राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली गाडी विकायची नाही अशी रक्कम, ठेवलेली असेल, तर त्या किमतीपर्यंत लिलाव पुकारणारा मालकाच्या वतीने स्वतःच बोली वाढवू शकतो. अनेक लिलावांच्या अटींमध्ये तसं छापलेलं असतं आणि ते कायदेशीर आहे. म्हणजे ८५ हजार द्यायला तयार असलेला माणूस त्या हॉलमध्ये होता, याचा तो आकडा पुरावा नाही. २०२१ साली इंडियानापोलिसला एका हेमी कुडा कन्व्हर्टिबलची बोली ४८ लाखांवर गेली होती आणि गाडी न विकता परत गेली. बोली म्हणजे भाव नव्हे. भाव फक्त विकल्या गेलेल्या गाडीचा, आणि त्यातही खरेदीदाराकडून वर घेतलेलं कमिशन धरलंय की नाही ते विचारावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ते दहा टक्क्यांच्या आसपास असतं.

शेवटी पीएचएसचा कागद. पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे कंपनीच्या १९६१ ते १९८६च्या गाड्यांच्या बिलिंगच्या नोंदी आहेत. व्हीआयएन आणि फी दिली की कारखान्यातून ती गाडी काय काय घेऊन बाहेर पडली याची प्रत मिळते. १९६५च्या जीटीओला दुसरा भरवशाचा दाखला नाही. फाइलमध्ये अशी झेरॉक्स होती, त्यावर जीटीओ लिहिलेलं होतं आणि नंबर गाडीशी जुळत होता.

विमा कंपनीने ठरीव रकमेच्या पॉलिसीसाठी मूल्यांकन मागितलं, तेव्हा मूल्यांकनाला आलेल्या गृहस्थांनी ती झेरॉक्स खिडकीपाशी नेऊन धरली. नंबराचे शेवटचे तीन आकडे बाकीच्यांपेक्षा केसभर वर आणि जरा जास्त काळे. मग त्यांनी डिकीतलं कार्पेट उचललं. पॅनेलच्या आतल्या बाजूला जुन्या अक्षरांची भोकं वेल्ड करून बुजवलेली होती, वरून फासलेला काळा रंग बोटाला लागत होता. मी पीएचएसकडून थेट प्रत मागवली. लेमान्स कन्व्हर्टिबल, ३२६ घनइंची इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. जीटीओचं नावही नाही. दुसऱ्याच कुठल्यातरी खऱ्या जीटीओच्या कागदावर माझ्या गाडीचा नंबर चिकटवलेला होता. मूल्यांकन आलं ४४ हजार.

डीलर म्हणतो, गाडी आमच्याकडे दुसऱ्याने विकायला ठेवली होती, कागद त्याचे. विक्रीच्या पावतीवर त्याने ‘१९६५ पॉन्टियाक कन्व्हर्टिबल, आहे त्या स्थितीत’ एवढंच लिहिलंय, जीटीओ हा शब्द शिताफीने गाळून. जाहिरातीत मात्र ‘कागदोपत्री सिद्ध जीटीओ’ असं होतं आणि तिचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत. वकिलांच्या मते सगळी मदार या स्क्रीनशॉटवरच आहे. वकिलांची नोटीस गेलीय, राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे ग्राहक तक्रारही केलीय.

गाडी बघायला जायच्या आधी व्हीआयएनचा फोटो मागा आणि पीएचएसची प्रत स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पैशाने मागवा. विकणारा ‘कशाला, आमच्याकडे आहे की’ म्हणाला तरीही. १९६७ किंवा त्यानंतरची फोर्ड असेल तर हेच काम मार्टी रिपोर्ट करतो. अमेरिकेत बनलेल्या शेव्हरलेच्या अशा नोंदी उपलब्धच नाहीत. १९७०च्या शेव्हेल एसएसचा व्हीआयएन साध्या मालिबूसारखाच असतो, तिथे पेट्रोलच्या टाकीवर कधीकधी सापडणारा बिल्ड शीटचा कागद (गाडीत काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी) हाच आधार, आणि तोही हुबेहूब छापून मिळतो. तिथे त्या मॉडेलचा जाणकार सोबत नेल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव, इंजिन आणि ‘कारखान्यातूनच असं’ हे शब्द लिहून द्यायला विकणारा कां कूं करत असेल, तर तिथूनच परत फिरा.