मॅकबुक एअर, पाच पावसाळे आणि मामाची टॅली

2021 च्या सुरुवातीला ॲपलचा एम1 चिपवाला मॅकबुक एअर लॅपटॉप घेतला, म्हणजे गोव्यातल्या आमच्या डिचोलीतले पाच पावसाळे झाले त्याला, आणि डिचोलीचा पावसाळा काय असतो ते ज्याने कपाटातल्या चपलांवर बुरशी बघितलीय त्यालाच कळेल. नवीन घेतल्या घेतल्या लिहिलेले रिव्ह्यू मी वाचतच नाही, तेव्हा सगळे प्रेमात असतात. आता लिहितोय कारण माझं प्रेमही थोडं उतरलंय आणि रागही.

किंमत तेव्हा 92,900, त्यात 8 जीबी रॅम आणि 256 जीबी स्टोरेज. माझं काम शूटिंग-एडिटिंगचं, लग्नं, जत्रा, आणि नाट्यस्पर्धा सुरू झाल्या की नाटकांची रेकॉर्डिंगं. आधीचा विंडोजवाला लॅपटॉप एक्स्पोर्टला, म्हणजे एडिट झालेल्या व्हिडिओची शेवटची फाइल करायला, लावला की आई आतून विचारायची, मिक्सर कोणी लावला रे एवढ्या रात्रीचा? या एअरमध्ये पंखाच नाही. आवाज नाही हे तर आहेच, पण आमच्याकडे त्याचा दुसराच फायदा निघाला जो कुठल्या जाहिरातीत सांगत नाहीत. खाणीची लाल धूळ. मधे खाणी बंद होत्या तेव्हा जरा कमी होती, आता परत ट्रक फिरायला लागलेत. पंखा हवा आत ओढतो आणि हवेबरोबर धूळ, जुन्या लॅपटॉपचा पंखा काढला तर आतून चक्क लाल निघाला होता. याच्यात ती भानगड नाही. मे महिन्यात मात्र दोन-अडीच तासांचं नाटक एक्स्पोर्टला टाकलं की खालून तवा होतो आणि मग हळू चालतो, कारण पंखा नसला की गरम झाल्यावर स्पीड कमी करण्याशिवाय त्याच्याकडे दुसरा उपायच नाही. मी सरळ फॅनखाली लाकडी पाटावर ठेवतो.

आता लोक याच्यावर एवढे का मरतात? काही जण शायनिंगसाठीच, ते नाकारून उपयोग नाही. इफ्फीच्या, म्हणजे चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीला कुठल्याही कॅफेत बसा, टेबलाटेबलावर सफरचंद. (पूर्वी ते पेटायचं तरी, प्रो मॉडेलचं 2016 पासून बंद केलं.) पण शायनिंग सहा महिन्यांत उतरते, त्यावर पाच वर्षं कोणी एक लॅपटॉप वापरत नाही. खरी गंमत बारीकसारीक गोष्टींत आहे. झाकण उघडलं की लगेच चालू, जिथे सोडलं होतं तिथेच. ट्रॅकपॅड असा की मी माउस विकत घेतलाच नाही. आणि एक गंमत करून बघा, लॅपटॉप पूर्ण बंद करून ट्रॅकपॅड दाबा, टिक होतच नाही, कारण ती टिक खरी नाहीच, आतून थरथर करून बोटाला फसवतात. हे कळलं तेव्हा मी पंधरा मिनिटं येड्यासारखा चालू-बंद करत बसलो होतो.

बॅटरी. कंपनी 18 तास व्हिडिओ म्हणायची, माझ्या एडिटिंगला नवीन असताना आठ-नऊ तास मिळायचे, आता सहा. पण जुलैत दुपारी दोनला लाइट गेली आणि संध्याकाळी सातला आली तरी माझं काम अडत नाही, हे ज्याच्या घरी इन्व्हर्टर नाही त्याने ऐकावं. मराठीचंही सांगतो, देवनागरीचे कीबोर्ड आणि फॉन्ट आतच असतात. कोहिनूर देवनागरी फॉन्ट तर इतका सुबक आहे की जत्रेच्या व्हिडिओची टायटलं मी त्यातच करतो.

आता दुसरी बाजू, म्हणजे माझा मामा. मामाचं साखळी गावात हार्डवेअरचं दुकान आहे. चवथीला सगळे जमलो होतो, नेवऱ्या (म्हणजे करंज्या) खाताना विषय निघाला, मामा म्हणाला, "त्यात टॅली चालते काय रे?" टॅली म्हणजे त्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर. मी म्हटलं नाही मामा, टॅली विंडोजवरच चालते. "मग एवढे पैसे कशाला घातलेस, फोटो बघायला?" सगळे हसले. मी बरंच काय काय समजावलं, पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर घालून त्यात विंडोज चालवता येतं वगैरे. मामा म्हणाला, म्हणजे लाखाचा लॅपटॉप घ्यायचा, वर पुन्हा पैसे भरायचे आणि शेवटी विंडोजच चालवायचं? याला काय उत्तर देणार. पूर्वीच्या इंटेलवाल्या मॅकवर बूट कॅम्पने थेट विंडोज घालता यायचं, एम1 पासून तेही गेलं.

आणि माझं मत विचाराल तर मामासारख्या मॅकवर चिडणाऱ्यांचा मुद्दा फक्त किमतीचा नाहीये. आपल्याकडे वस्तू घेतली म्हणजे ती आपली, आपण ती उघडणार, वाढवणार, ओळखीच्या पोराकडून शंभर-दोनशेत दुरुस्त करून घेणार. स्कूटर तशी, मिक्सर तसा, पंपही तसा. हा डबा तसा नाही. रॅम सोल्डर केलेली, स्टोरेजही बोर्डावर चिकटवलेलं, म्हणजे दुकानात उभं राहून जे ठरवाल ते कायमचं. माझ्या वेळी 8 चे 16 जीबी करायला 20 हजार जादा मागायचे, 256 चे 512 करायलाही 20 हजार. साध्या लॅपटॉपची 8 जीबीची रॅम बाहेर काही हजारांत मिळायची! मी कंजूषपणा केला आणि सगळ्यात लहानच घेतला. चूक माझी, पण त्या चुकीचे हप्ते मी अजून फेडतोय, एक जत्रा शूट केली की 256 जीबी संपलं, म्हणून एक्स्टर्नल एसएसडी कायम लटकलेली असते. पोर्ट दोनच, दोन्ही डावीकडे, एकात चार्जर आणि एकात एसएसडी घातली की कॅमेऱ्याचं कार्ड घालायला हब पाहिजे. ऑक्टोबर 2024 पासून एअर निदान 16 जीबीपासून सुरू होतो, त्याच किमतीत. म्हणजे आधीही देता आलं असतं की नाही?

हार्ड डिस्कचा एक किस्सा. पेडण्याचे एक काका नाटकाचं रेकॉर्डिंग न्यायला स्वतःची डिस्क घेऊन बसने आले. डिस्क एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटची. मॅक ती वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, हे मला माहीत होतं, फोनवर सांगायला मी विसरलो. डिस्कवर त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो, म्हणजे फॉरमॅटही मारता येत नाही. काका स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हें कितें रे? एवढ्या म्हारग कॉम्प्युटराक कॉपी जायना?" शेवटी शेजारच्या पोराच्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर कॉपी केलं, तोवर काकांची परतीची बस गेली, मी त्यांना स्कूटरने म्हापशापर्यंत सोडून आलो. तेव्हापासून एक्सफॅटची, म्हणजे मॅक आणि विंडोज दोन्हीवर लिहिता येणाऱ्या फॉरमॅटची एक डिस्क जवळ ठेवतोच.

चहाही सांडलाय, तिसऱ्या पावसाळ्यात, मीच सांडला. पाण्याचं नुकसान साध्या वॉरंटीत बसत नाही आणि आत छोट्या पट्ट्या असतात ज्या ओल्या झाल्या की रंग बदलतात, म्हणजे खोटं बोलायचीही सोय नाही. ॲपलकेअर प्लस, म्हणजे कंपनीचं जादा पैशांचं संरक्षण, मी घेतलं नव्हतं. एका सर्व्हिस सेंटरवर बोर्ड बदलायचे साठ हजारांच्या आसपास सांगितले, मी नमस्कार करून बाहेर आलो. म्हापशाच्या एका पोराने बोर्ड काढून साफ केला, मायक्रोस्कोपखाली बघून, पाच दिवस लावले, सात हजार घेतले. फक्त एक की अजून जरा चिकटते. कंपनीचं स्वतःचं दुकान गोव्यात नाही, मुंबईत बीकेसीला 2023 मध्ये उघडलं, पुण्यात कोरेगाव पार्कला 2025 मध्ये, आपल्याकडे रिसेलरच.

तरी माझ्या मॉडेलचा कीबोर्ड चांगला म्हणायचा. 2015 ते 2019 मधल्या कित्येक मॅकबुकांत तो बटरफ्लाय कीबोर्ड होता, खाली धुळीचा कण गेला तरी की अडकायची नाहीतर एकाच्या जागी दोन अक्षरं उमटायची. कंपनीला 2018 मध्ये फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि अमेरिकेत 2022 साली 5 कोटी डॉलरवर तडजोड करावी लागली. तो कीबोर्ड डिचोलीत किती दिवस टिकला असता याचा विचारच करवत नाही.

मामाची मुलगी आता फर्मागुडीला इंजिनियरिंगला, तिने विचारलं कुठला घेऊ. मी म्हटलं, आधी कॉलेजात विचार की तुझ्या ब्रँचला कुठली सॉफ्टवेअर लागतात, मेकॅनिकलवाल्यांना लागणारं सॉलिडवर्क्स मॅकवर चालत नाही. कोडिंग, लिखाण, व्हिडिओ असेल तर बिनधास्त घे. एम4 चा एअर 2025 मध्ये 99,900 ला आला, 16 जीबीसकट, माझ्या वेळेपेक्षा सौदा खूपच बरा. स्टोरेज मात्र 512 बघ, आणि त्याच्याजवळ चहा नको.

माझा मी विकणार नाही. नवीन मॅकओएससुद्धा अजून मिळतंय त्याला. फक्त माझ्या धंद्याचे हिशेब टॅलीत आहेत, त्यामुळे महिनाअखेरीला मी साखळीला जाऊन मामाच्या जुन्या डेस्कटॉपवर बसतो. चहा मामाचाच, आणि टोमणेही.