फोर्ट वर्थचं कार्टर म्युझियम: आठ महिने जाऊन-येऊन

सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत टेक्ससमधल्या एमॉन कार्टर म्युझियममध्ये आमच्या नेमक्या किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही, पण महिन्यातून दोनदा तरी गेलोच. आयर्व्हिंगहून फोर्ट वर्थ अर्ध्या-पाऊण तासावर. प्रवेश कायमचा मोफत. डॅलसच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना हे म्युझियम माहीतच नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते ‘काउबॉयची चित्रं, त्यात काय बघायचं?’ म्हणून जायचं टाळतात. त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय.

मोफत प्रवेशाचं मोल मला दुसऱ्या तिसऱ्या फेरीला कळलं. दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या शहरात चौघांची महागडी तिकिटं काढली होती आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून सगळी दालनं धावतपळत पाहिली होती. रात्री मुलाला विचारलं, काय आवडलं? त्याला एकही चित्र सांगता येईना. मलाही आठवेना. इथे तसं होत नाही. एका फेरीला एक दालन, कधी तर एकच चित्र, आणि मग बाहेर हिरवळीवर डबा.

म्युझियममागची गोष्ट थोडक्यात सांगते. एमॉन कार्टर हा गरीब घरातला मुलगा, लहानपणी रेल्वे स्टेशनवर चिकनचे सँडविच विकायचा. पुढे ‘फोर्ट वर्थ स्टार-टेलिग्राम’ या वर्तमानपत्राचा मालक झाला. 1935 मध्ये त्याने फ्रेडरिक रेमिंग्टन आणि चार्ल्स रसेल या काउबॉय रंगवणाऱ्या चित्रकारांची पहिली चित्रं घेतली आणि मग घेतच राहिला. 1955 मध्ये तो गेला. लोकांसाठी म्युझियम व्हावं, हे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं आणि त्याच्या मुलीने, रूथ कार्टर स्टीव्हन्सन यांनी, 1961 मध्ये ते उभं केलं. तेव्हा नावातच ‘वेस्टर्न आर्ट’ होतं. आता ‘अमेरिकन आर्ट’ आहे, कारण संग्रह कितीतरी पसरलाय. तरी जीव रेमिंग्टन-रसेलमध्येच आहे, असं माझं मत.

आमचा मुलगा पहिल्याच दिवशी रेमिंग्टनच्या ‘अ डॅश फॉर द टिंबर’समोर थांबला. 1889 चं हे तैलचित्र, जवळपास सात फूट रुंद. आठ घोडेस्वार थेट आपल्या अंगावर चौखूर उधळत येताहेत, मागे धुळीत अपाची या मूळनिवासी जमातीचे स्वार. लांबून नुसता गोंधळ दिसतो. जवळ गेलं की दिसतं, एक जण गोळी लागून खोगिरावर कलंडलाय आणि शेजारच्याने धावत्या घोड्यावरूनच त्याला धरलंय. आणि सावल्या! तापलेल्या पिवळ्या मातीवर घोड्यांच्या सावल्या काळ्या नाहीत, निळ्या-जांभळ्या आहेत. मला हे चौथ्या फेरीला दिसलं. चित्र तेच होतं, इतके दिवस मी घोड्यांचेच पाय बघत होते.

नोव्हेंबरमध्ये फलटणहून बाबा आले. त्यांना म्युझियमचा कंटाळा, पण घरात बसून तरी काय करणार, म्हणून आले बरोबर. रेमिंग्टनच्याच ‘द फॉल ऑफ द काउबॉय’पाशी (1895) ते उभे राहिले ते हलेनातच. चित्रात काहीच घडत नाही. करडं आभाळ, बर्फ, दोन गुराखी. एक घोड्यावर बसलाय, दुसरा खाली उतरून कुंपणाचं फाटक उघडतोय. घोड्यांच्या माना खाली.

बाबा म्हणाले, “ह्या गड्याला उतरावं लागलं बघ. आधी कुठं उतरत असंल?”

मी त्यांना सांगितलं, 1874 मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत मोकळं गवताळ रान तारांनी अडवलं गेलं, शेकडो मैल गुरं हाकत नेणं संपलं. ते म्हणाले, “आपल्या रानात धनगराचा वाडा बसायचा, आठवतंय का तुला? मेंढरं बसवायला आपणच बोलवायचो. आता ज्याच्या त्याच्या तारा. येणार कुठनं तो?” फाटकापाशी उतरलेला माणूस मी त्याआधीही पाहिला होता, पण त्याचं उतरणं मला दिसलं नव्हतं.

आता जे खटकतं तेही लिहिते. रेमिंग्टन न्यूयॉर्कचा. पश्चिमेकडे फेऱ्या मारायचा आणि स्टुडिओत परतून रंगवायचा. ‘डॅश’मधल्या अपाचींना चेहराच नाही, ते नुसते मागून येणारं संकट आहेत. एका मोफत गॅलरी टूरमध्ये मार्गदर्शक बाईंनी चित्राचं नाव सांगण्याआधी दोन मिनिटं सगळ्यांना गप्प उभं केलं आणि मग विचारलं, “हे चित्र बघताना आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत?” तो प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणूनच त्याच्यापाठोपाठ रसेलचं ‘लॉस्ट इन अ स्नोस्टॉर्म’ (1888) बघावं. हिमवादळात वाट चुकलेले गुराखी आणि त्यांना हातवाऱ्यांनी रस्ता सांगणारे मूळनिवासी. रसेल सोळाव्या वर्षी माँटानात गेला आणि बरीच वर्षं रात्रपाळीने गुरं-घोडी राखली. त्याचा हात रेमिंग्टनइतका सफाईदार नाही, पण माणसं त्याच्या ओळखीची आहेत. मला रसेल जास्त जवळचा वाटतो.

कागदावरची कामं आणि छायाचित्रं मात्र कायम भिंतीवर नसतात. उजेडाने जलरंग उडतात, म्हणून ती आलटून-पालटून लावतात. रसेल मित्रांना पत्रं लिहायचा त्यात शाईची, रंगांची चित्रं काढायचा. तशी पत्रं इथल्या संग्रहात आहेत. एखादी गोष्ट बघायचीच असेल तर ती सध्या मांडलीय का, हे निघण्याआधी पाहून घ्या. छायाचित्रांचा संग्रह तर प्रचंड आहे. रिचर्ड अ‍ॅव्हेडन या छायाचित्रकाराला याच म्युझियमने 1979 मध्ये पश्चिमेतल्या लोकांचे फोटो काढायला सांगितलं. खाणकामगार, ट्रकवाले, वेट्रेस, सगळे पांढऱ्या कागदासमोर उभे. 1985 मध्ये त्याचं प्रदर्शन इथेच लागलं. टोपी-बंदुकीच्या पश्चिमेला तेवढं सडेतोड उत्तर दुसरं क्वचितच असेल.

टूर इंग्रजीतून असतात, त्यामुळे आई-वडिलांना नेलंत तर कानात हळूच मराठी करत राहावं लागतं. आम्ही कोपऱ्यात उभं राहून तेच केलं. मुलांसाठी चित्रं काढायला बसणं सगळ्यात उत्तम. वही आणि पेन्सिल न्या, पेन-रंग घरीच ठेवा. आमच्या मुलाने रेमिंग्टनच्या ‘द ब्राँको बस्टर’ या ब्राँझच्या पुतळ्यातला घोडा तीन वेगवेगळ्या दिवशी तीन बाजूंनी काढलाय. एवढं वजन मागच्या दोन पायांवर कसं उभं राहिलं, हे त्याला अजून कळत नाही.

आत शिरण्याआधी कमानींच्या खांबांवरून हात फिरवायला विसरू नका. फिलिप जॉन्सनच्या या इमारतीचा दगड टेक्ससचाच, शिंपल्यांच्या जीवाश्मांनी भरलेला. शिंपले गेले आणि त्यांच्या खाचा उरल्या, त्यात बोटाचं टोक बसतं. वेळ उरला तर चालत जवळच्या किंबेल आर्ट म्युझियमला जा, तिथला कायमचा संग्रहही मोफत. अहमदाबादच्या आयआयएमवाला लुई कान त्याचा वास्तुकार.

सोमवारी कार्टर बंद असतं, गुरुवारी रात्री आठपर्यंत उघडं. नोकरी करणाऱ्यांनी गुरुवारच धरावा. जानेवारी-फेब्रुवारीत शेजारच्या विल रॉजर्स मैदानावर स्टॉक शो, म्हणजे जनावरांचं प्रदर्शन, आणि त्याला लागून डिकीज अरेनात रोडिओ, म्हणजे गुराख्यांचे खेळ असतात, तेव्हा गाडी लावायला जागा मिळवणं कठीण. पण बाबांना आम्ही मुद्दाम त्याच दिवसांत परत नेलं. रस्त्यावर खरेखुरे टोपीवाले गुराखी आपली जनावरं घेऊन चालले होते. बाबा एका बैलाच्या खांद्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “चल, त्या फाटकवाल्याकडं जाऊ.”