सहा झाकणं आणि 4,85,000 रुपये

बँकेत 31 वर्षं लोकांच्या सह्या पडताळल्या, आणि निवृत्तीच्या पैशातले 4,85,000 रुपये भंगारात घातले. लाज वाटते, पण लिहितोय. तो माणूस अजून सांगली-कऱ्हाड पट्ट्यात जुन्या गाड्या विकतोय.

1936 ची मॉरिस एट, ब्रिटिश मोटार. 'काका, बॉडी जुनीच ठेवलीय, मेकॅनिकली सगळं नवं. इंजिन खोलून केलंय.' 51,000 बयाणा, बाकी 4,34,000 आरटीजीएस. सकाळी आठला सांगलीत पोचलो तर बॉनेट कोमट. 'तुमच्यासाठी धुऊन ठेवली,' म्हणाला. धुतलेली गाडी कोमट कशी, हे मला साताऱ्याला घरी परतताना उंब्रजच्या पुढे सुचलं.

मग बॅटरी दाखवली. सहा झाकणं. गाडी 6 व्होल्टची, एवढं वाचून गेलो होतो. सहा झाकणं म्हणजे 6 व्होल्ट, असं समजून मी जाणकारासारखी मान डोलावली. अहो, एका झाकणाखाली एक सेल, एका सेलला 2 व्होल्ट! 6 व्होल्टच्या बॅटरीला तीनच झाकणं असतात. यानं 12 व्होल्टची लावलेली, म्हणून स्टार्टर गरकन फिरला. ऑइल काकवीसारखं घट्ट. त्यानंच बेअरिंगचा आवाज दाबला, प्रेशरचा काटाही वर ठेवला. डिपस्टिकचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइल चिमटीत धरून बघा. आणि फोन न करता जा, इंजिन गार असताना.

गाडी टेम्पोतून आणायचे 14,500. यवतेश्वर घाटात ऑइल तापून पातळ झालं आणि दुसऱ्या वळणावर खालून टकटक सुरू. इंजिनाखालचं ऑइलचं भांडं काढलं तर तळाला बेअरिंगचा चंदेरी चुरा. यात तयार बेअरिंग बसत नाही, व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू वितळवून ओतून बोअर करावं लागतं. मिस्त्रींनी 1,38,000 सांगितले. इंजिन केलंय म्हणणाऱ्याकडे मशीन शॉपचं बिल मागा. मी मागितलं नाही, भिडेपोटी.

पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा, 'अर्जात कलम 420 लिहिलंय, फसवणुकीला आता 318 असतं.' एवढीच काय ती मदत. दुसऱ्यांदा साहेबांनी करारातल्या 'गाडी जशी आहे तशी' या ओळीवर बोट ठेवलं. वाचली होती हो मी! 'काका, तसं लिहायची पद्धत असते,' म्हणाला होता. तिसऱ्यांदा, 'नव्वद वर्षांची गाडी, वाजणारच की,' आणि सगळे हसले. गाडी वाजते ही माझी तक्रारच नाही; न खोललेलं इंजिन खोललं म्हणून विकलं, ही आहे. तर म्हणे व्यवहार सांगलीत झाला, तिकडे जा. तिकडचे म्हणतात, पैसे साताऱ्यातून गेले. आरटीओत गेलो तर 50 वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' हा विंटेज नंबर कसा मिळतो, तेवढं ऐकवलं.

परवा त्याची नवी जाहिरात दिसली. ऑस्टिन सेव्हन, 'मेकॅनिकली सगळं नवं'. फोटोत बॅटरी दिसतेय. झाकणं मोजा.