हायाबुसाचा फ्युएल पंप तपासायचाय: प्रेशर गेज, मोजपात्र की क्लॅम्प मीटर?

शहरात बाईक लोण्यासारखी चालते, पण हायवेवर पूर्ण थ्रॉटल दिला की साडेआठ हजार आरपीएमच्या पुढे भरत नाही, धक्के देते. मेकॅनिक म्हणतो, "पंप गेलाय." सुझुकी हायाबुसाची पंप असेंब्ली काही स्वस्त नाही, त्यामुळे नुसत्या संशयावर ती बदलू नये. तपासण्याचे मार्ग तीन-चार आहेत, आणि त्यातला प्रत्येक मार्ग वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. बहुतेक गोंधळ एका गैरसमजातून होतो: आयडलिंगला गेजवर 3 बार, म्हणजे ठरलेला दाब, दिसला म्हणजे पंप ठणठणीत. तसं नसतं.

कारण साध्या गणितात आहे. 1340 सीसीची दुसऱ्या पिढीची हायाबुसा 197 पीएस देते, म्हणजे सुमारे 145 किलोवॅट. पूर्ण ताकदीला अशा इंजिनाला प्रतिकिलोवॅट-तास 300 ग्रॅम पेट्रोल धरलं, तर तासाला 58 लिटरच्या आसपास, म्हणजे दर 10 सेकंदांना 160 मिली लागतं. सर्व्हिस मॅन्युअलमधली पंपाची किमान मर्यादा 10 सेकंदांना 167 मिली आहे. आयडलिंगला मात्र हेच इंजिन तासाला लिटर-दीड लिटर पितं. बाकीचं सगळं रेग्युलेटर, म्हणजे दाब ठरावीक ठेवणारा व्हॉल्व्ह, टाकीतच परत सोडतो. त्यामुळे निम्मा झिजलेला पंपसुद्धा आयडलिंगला 3 बार आरामात धरतो. कमतरता दिसते ती इंजिन खरोखर पेट्रोल मागू लागतं तेव्हा.

टी-जोड आणि प्रेशर गेज

सगळ्यात सोपी आणि पहिली करायची ही तपासणी. 0 ते 7 बारचा गेज घ्या. 0 ते 10 बारच्या गेजवर 3 बारच्या आसपासचा बारीक फरक नीट वाचता येत नाही. होज इंजेक्शनसाठीचाच हवा, एसएई जे30 आर9 दर्जाचा. कार्ब्युरेटरच्या गाडीचा साधा होज या प्रेशरला क्लॅम्पमधून निसटू शकतो.

आधी लाइनमधलं प्रेशर उतरवा: पंपाचा कनेक्टर काढा, इंजिन सुरू करा आणि ते आपोआप बंद पडू द्या. मग फीड होजभोवती फडकं गुंडाळून कपलर सोडवा. टाकी आणि फ्युएल रेल (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) यांच्या मध्ये टी-जोड बसवा. चावी ऑन केली की पंप सुमारे 3 सेकंद चालतो आणि थांबतो. गेज 300 किलोपास्कलच्या, म्हणजे 3 बार किंवा 43 पीएसआयच्या आसपास यायला हवा.

प्रेशर कमी असेल तर चार शक्यता: गळती, चोंदलेला फिल्टर, रेग्युलेटर, पंप. जास्त असेल तर पंपाला दोष देऊ नका, रेग्युलेटरकडे बघा. इंजिन बंद केल्यावरही गेज लगेच काढू नका. काटा पाच मिनिटांत भसकन खाली आला, तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारा) किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. तापलेली बाईक पुन्हा सुरू करताना बराच वेळ सेल्फ मारावा लागतो ही तुमची एकमेव तक्रार असेल, तर याच तपासणीत उत्तर मिळेल, पुढच्या खर्चात पडायची गरज नाही.

वरच्या आरपीएमच्या तक्रारीसाठी मात्र एवढ्यावर थांबलात तर पंप सदोष असूनही पास होईल.

मोजपात्र: उघड्या तोंडाने की प्रेशरखाली?

फीड होजचं टोक अर्धा लिटरच्या मोजपात्रात सोडायचं, पंपाला थेट 12 व्होल्ट द्यायचे, 10 सेकंद मोजायचे. टाकीत किमान 5 लिटर पेट्रोल हवं. पंपाचं थंड राहणं आणि वंगण दोन्ही पेट्रोलवर अवलंबून असतं, कोरडा चालवला तर तपासणीतच खराब होतो. थेट वायर देताना मध्ये 10 अँपिअरचा फ्यूज घाला. आधी पंपाकडचं टोक जोडा आणि बॅटरीकडचं शेवटी, तेही पेट्रोलपासून लांब, म्हणजे ठिणगी उडालीच तर ती वाफांपासून दूर उडेल. पावडरचा अग्निशामक हाताशी हवा, यात तडजोड नको.

आता खरा मुद्दा. या बाईकचा रेग्युलेटर पंप असेंब्लीतच आहे. होजचं तोंड उघडं असेल तर पंपासमोर काहीच दाब नसतो, रेग्युलेटर बंद राहतो आणि पंप सगळं पेट्रोल बाहेर फेकतो. आतून झिजलेला पंप अशा बिनदाबाच्या स्थितीत 167 मिली सहज ओलांडू शकतो आणि 3 बारच्या विरुद्ध गळपटतो. म्हणून आमची पसंती प्रेशरखालच्या मापाला: गेजच्या पुढे सुईचा व्हॉल्व्ह बसवा. तो पूर्ण बंद असताना गेज 3 बार दाखवेल. मग हळूहळू उघडत जा. काटा 3 वरून जेमतेम 2.9 वर घसरला की थांबा. आता रेग्युलेटर जवळपास मिटलेला आहे आणि व्हॉल्व्हमधून येतंय ते सगळं इंजेक्टरांना मिळू शकणारं पेट्रोल आहे. ते 10 सेकंद गोळा करा. 170 मिलीच्या वर असेल तर पंप पास. 140 भरलं, तर वरच्या आरपीएमचं कोडं सुटलं.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं माप पंपावर अन्याय करतं. माप घेताना व्होल्टेजही लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तुलना होणार नाही.

क्लॅम्प मीटर आणि मल्टिमीटर

टाकी न उचलता बरंच काही कळतं, म्हणून हा मार्ग मोहात पाडतो. बाईक अधूनमधून बंद पडत असेल, तर सुरुवात इथूनच करा. इंजिन 3000 आरपीएमला ठेवून बॅटरीवर आणि पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर 14.2 आणि पंपावर 13.7 पेक्षा कमी असेल, तर दोष वायरिंगचा आहे: रिले, किल स्विचचे गंजलेले पॉइंट, सैल कनेक्टर, अर्थ. अशा वेळी नवा पंप बसवला तरी तक्रार कायम राहते.

क्लॅम्प मीटर वायरभोवती अडकवला की पंप किती करंट ओढतो ते कळतं, पण करंटची भाषा थोडी बारकाईने वाचावी लागते. पंपाच्या पुढचा फिल्टर चोंदला तर पंपाला जोर लागतो, करंट वाढतो, प्रवाह घटतो. पंप जिथून पेट्रोल ओढतो ती खालची जाळी चोंदली तर पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढू लागतो, करंट कमी आणि डळमळीत होतो, घरघर ऐकू येते. ऑसिलोस्कोप असेल तर करंटच्या लहरीत कम्युटेटरचे (मोटरच्या फिरत्या भागावरचे तांब्याचे खंड, ज्यांवर कार्बन ब्रश घासतात) उंचवटे दिसतात. बहुतेक पंपांत 8 उंचवटे म्हणजे एक फेरा. 8 उंचवट्यांना 10 मिलीसेकंद लागले, तर पंप 6000 आरपीएमला फिरतोय. दर फेऱ्यात एकच उंचवटा बसका दिसला, तर कम्युटेटरचा तो खंड किंवा त्याची वाइंडिंग खराब आहे आणि पंपाचे दिवस भरलेत.

पण किती मिली पेट्रोल आलं, हे करंट सांगत नाही.

डायनोवर सेन्सर लावून

बाईक डायनोवर, म्हणजे जागच्या जागी चाक फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवायची, लाइनमध्ये इलेक्ट्रॉनिक प्रेशर सेन्सर लावायचा आणि पूर्ण थ्रॉटलला लॉग घ्यायचा. शंकेला जागाच न ठेवणारी तपासणी हीच, पण खर्चिक. लॉगमध्ये 9500 आरपीएमला प्रेशर 3 वरून 2.4 बारवर आलं, तर इंजेक्टरमधून येणारं पेट्रोल साडेदहा टक्क्यांनी घटतं, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. तेवढ्यात लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; आकडा वाढला की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी) 0.88 वरून 0.98 वर जातो. पूर्ण ताकदीला एवढं लीन मिश्रण पिस्टनसाठी धोक्याचं. डायनोचा खर्च वाचवायला काहीजण पेट्रोल भरलेला यांत्रिक गेज टाकीवर चिकटवून रस्त्यावर जातात. ते करू नका. होज निसटला तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतं.

मग कोणती निवडायची?

कंपनीच्या मूळ स्थितीतली बाईक असेल तर गेज, सुईच्या व्हॉल्व्हसह मोजपात्र आणि मल्टिमीटर एवढं पुरतं. एका संध्याकाळचं काम आहे. तिन्ही मापं चांगली आली तर पंप सोडा आणि एअर फिल्टर, प्लग, कॉइल आणि सेकंडरी थ्रॉटलकडे (ईसीयू चालवतो ती दुसरी थ्रॉटल झडप) वळा. पूर्ण एक्झॉस्ट बदललेल्या आणि रीमॅप (ईसीयूतलं पेट्रोलचं गणित बदलणं) केलेल्या बाईकला डायनोचा लॉग घ्याच. टर्बो असेल तर 3 बारवरचं माप निरुपयोगी: 0.7 बार बूस्टला लाइनमध्ये 3.7 बार लागतात, तेव्हा प्रवाह 3.7 बारच्या विरुद्धच मोजा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट धरून चालावी लागते. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला तेवढ्याच हवेसाठी शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-साडेसात टक्के जास्त आकारमान लागतं. म्हणजे 160 मिलीची गरज 170 च्या पुढे जाते, आणि किमान मर्यादेच्या काठावर असलेला पंप, जो पूर्वी चालून जायचा, आता कमी पडतो. शिवाय कोकण-घाटात पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी राहिलेली बाईक इथेनॉलमधून पाणी धरते, टाकी आतून गंजते आणि तो गंज पंपाच्या जाळीवर बसतो. अशा बाईकचं माप कमी आलं, तर पंप मागवण्याआधी असेंब्ली काढून जाळी बघा.

असेंब्ली परत बसवताना ओ-रिंग नवीनच घाला, बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने 10 न्यूटन-मीटरला आवळा, चावी तीनदा ऑन-ऑफ करा आणि कोरड्या टिश्यूने कपलर आणि पंपाच्या प्लेटची कड पुसून ओल येते का बघा.